शुक्रापुढचा अंतरपाट

फलकावरची आई दर थोड्या वेळाने पापण्या मिटायची, उघडायची आणि मग हसून हात जोडायची.

केंद्राच्या फाटकाशेजारी कमानीच्या उंचीचा तो विजेचा पडदा उभा केला होता. वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, मध्ये आईचं नाव, आणि खाली श्रद्धांजली वाहणाऱ्या संचालकांचं नाव, आईच्या नावाहून किंचित ठळक. अशा हलत्या श्रद्धांजल्या हल्ली सगळीकडेच दिसतात. एका फोटोवरून गेलेलं माणूस हलवून देणारी दुकानं कोल्हापुरात आता झेरॉक्सच्या दुकानांइतकी झाली आहेत. आजवर मी त्यांच्याकडे न बघता पुढे जात असे. या वेळी आतलं माणूस माझं होतं.

त्या आईला केस होते. दाट, काळेभोर, मधोमध भांग पाडलेले. शेवटची दोन वर्षं आईच्या डोक्यावर एकही केस नव्हता आणि तिने कधी टोप घातला नाही. थंडीसाठी टोपी घालीन, लोकांसाठी नाही, असं ती म्हणायची. फलकावर तिच्या गालांवरचे वांग पुसले होते, कपाळावर तिने जन्मात लावली नव्हती एवढी मोठी टिकली होती, आणि ती हात जोडत होती. आई कोणाला हात जोडत नसे, नुसती मान हलवत असे.

पहारेकऱ्याने मला ओळखलं. मी विचारायच्या आतच त्याने सांगितलं की पहिला फोटो बिनकेसांचा होता, पण सर म्हणाले मॅडम अशा बऱ्या दिसत नाहीत, मग दुरुस्त करून घेतला. नंतर कौतुकाने पडद्याकडे बघत म्हणाला, “जिवंत वाटतात की नाही?”

आईच्या खोलीतल्या वस्तू न्यायला आले होते, त्या तशाच टाकून मी घरी परतले.

माझी आई, डॉ. वैजयंती शिरगावकर, या ग्रहमापन केंद्रात जन्मभर एकाच प्रश्नामागे होती: शुक्राच्या पोटात काय आहे? तिथे खणता येत नाही. शिसं वितळेल एवढी उष्णता, लोखंडी पेटी चेपून टाकेल एवढा दाब. उतरलेलं यान तास-दोन तासांत गप्प होतं. मग आतलं कळायचं कसं? तो फिरतो कसा, यावरून.

लहानपणी तिने मला हे दोन भोवऱ्यांवर दाखवलं होतं. सुताराकडून मुद्दाम करून घेतलेले, बाहेरून अगदी एकसारखे आणि वजनालाही सारखे. फरक एवढाच की एकात शिसं मधोमध भरलेलं होतं आणि दुसऱ्यात कडेने. दोन्ही सारख्याच वेगाने फिरवले तरी ते डुलायचे वेगवेगळे. ज्याचं वजन मध्याशी, तो भराभर डुलायचा. ज्याचं कडेला, तो संथ. न फोडता आतलं कळायचं.

शुक्रही असाच डुलतो. स्वतःभोवती एक फेरी मारायला त्याला आपले दोनशे त्रेचाळीस दिवस लागतात, तेही उलट्या दिशेने. फिरताना त्याचा आस इतक्या सावकाश डुलतो की एक झोका पुरा व्हायला काहीतरी एकोणतीस हजार वर्षं लागावीत. माणसाजवळ तेवढा वेळ नाही. पण एखादं यान त्याच्याभोवती घिरट्या घालत राहिलं, ढगांतून आरपार पाहणाऱ्या रडारने तेच डोंगर आणि त्याच दऱ्या पुन्हा पुन्हा टिपत राहिलं, तर त्याचा ध्रुव वर्षाला किती सरकतो ते मोजता येतं. शुक्राचं पोट पृथ्वीसारखं असेल, म्हणजे लोखंड सगळं तळाशी जाऊन बसलेलं आणि वर खडक, तर ध्रुव वर्षाला साधारण साठ मीटर सरकायला हवा. तसा तो सरकेल याबद्दल फारशी कोणाला शंका नव्हती. शुक्राला पृथ्वीची बहीण म्हणायची सवय जुनी आहे. आपलं ‘भार्गव’ यान चार वर्षं हेच मोजत होतं.

आता मोजणाऱ्यांची एक खोड असते. उत्तर साधारण माहीत असलं की हात आपोआप तिकडे वळतो. अपेक्षेपेक्षा कमी आलं की माणूस चूक शोधत बसतो, अपेक्षेएवढं आलं की शोधणं थांबवतो. कोणीही खोटं बोलत नाही, तरी उत्तर खोटं निघतं. यावर या लोकांनी एक उपाय काढलेला आहे. एक माणूस मोजमापांत गुपचूप एक आकडा मिसळून ठेवतो. बाकीचे त्या झाकलेल्या मोजमापांवरच काम करतात. सगळ्या पद्धती, सगळ्या दुरुस्त्या ठरल्या आणि यापुढे कशालाही हात लावायचा नाही असं सगळ्यांनी कबूल करून मोजणी गोठवली, की मग सर्वांसमक्ष तो आकडा सांगायचा आणि उत्तरातून काढून टाकायचा. केंद्रात याला अंतरपाट म्हणत. मंगलाष्टकं संपेपर्यंत दोघांनी एकमेकांचं तोंड पाहायचं नाही.

आकडा ज्याच्याजवळ, त्याला हिशेबात भाग घेता येत नाही. आईने ते काम मागून घेतलं. जिची जन्मभर वाट पाहिली त्या मोजणीतून ती आपण होऊन बाहेर बसली. केंद्राबाहेरच्या आणखी एका माणसाला आकडा माहीत असावा असाही नियम होता. ते माणूस मी. मी शाळेच्या मराठी पुस्तकांचं संपादन करते. माझ्यापासून शुक्राला काही धोका नव्हता.

तेव्हा आईच्या आजाराचं नावही घरात आलेलं नव्हतं. एका रविवारी दुपारी तिने उणे दहापासून अधिक दहापर्यंतच्या चिठ्ठ्या केल्या, पोह्यांच्या रिकाम्या डब्यात घालून हलवल्या आणि डबा माझ्यापुढे धरला. मी काढलेल्या चिठ्ठीवर शून्य होतं. मला हसू आलं. म्हटलं, काहीच मिसळलं नाही तर अंतरपाट कसला, पुन्हा काढते.

आईने डबा बाजूला ठेवला. “शून्यही त्यातलाच आकडा आहे,” ती म्हणाली. “नको वाटला म्हणून दुसरा काढला, तर तो आपण निवडलेला होईल. पडलेला नाही.”

तिने सगळ्या चिठ्ठ्या गॅसवर जाळल्या आणि कणीक मळायला घेतली. त्यानंतर तो विषय आमच्यात निघाला नाही.

दहावा झाल्यावर डॉ. अभिजित माणगावे भेटायला आले. हे केंद्राचे संचालक. सोबत फरहीन मुजावर होती, आईची विद्यार्थिनी, आता मोजणीच्या गटातली. माझा थोरला भाऊ निषाद पुण्याहून आलेला होता. बाबा आम्ही लहान असतानाच गेले, त्यामुळे आईचं सगळं त्यानेच केलं होतं, पंचगंगेच्या घाटावर उन्हात उभं राहून. तो खचलेला दिसत होता. माणगाव्यांनी त्याला मिठी मारली तेव्हा तो त्यांच्या खांद्यावर रडला.

चहा झाला. माणगावे आईबद्दल बोलू लागले. बोलता बोलता बिस्कीट चहात बुडवत होते. अर्धं बिस्कीट आत पडलं. त्यांनी दोन बोटं चहात घातली, तो लगदा काढून तोंडात टाकला आणि म्हणाले की मॅडम म्हणजे केंद्राचा आत्मा होत्या. मग त्याच बोटांनी त्यांनी टीपॉयवरचा आईचा चष्मा उचलला. बोलेपर्यंत तो उलटसुलट करत राहिले. काचेवर ठसे उमटत होते. मी त्या ठशांकडे बघत होते.

त्यांचं म्हणणं असं होतं की शोकसभा आणि अंतरपाट दूर करण्याचा कार्यक्रम एकत्रच करू या. पत्रकार येतील, थेट प्रक्षेपण होईल. मॅडमच्या आकड्याने मॅडमना निरोप, याहून मोठी श्रद्धांजली कोणती? परदेशी यानही शुक्राभोवती आहेच, त्यांचं उत्तर वर्षा-दोन वर्षांत येईल. त्याआधी आपलं यायला हवं. दादाला कल्पना फार आवडली. मी विचारलं की मोजणी गोठवली का. फरहीन कपाकडे बघत राहिली. माणगावे म्हणाले की गोठल्यातच जमा आहे.

मग ते पुढे झुकले. “केतकीताई, आकडा तेवढा आज सांगून ठेवा. म्हणजे ऐनवेळी गोंधळ नको.”

मी म्हटलं, नियम सर्वांसमक्ष सांगायचा आहे. तेव्हाच सांगेन.

“अहो, नियम आम्हीच केलेत.” ते हसले. “आणि आम्हाला अंदाज आहेच. उणे सहा, नाही का?”

असं म्हणून ते माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले, खिसा चाचपावा तसे. मी चेहरा हलू दिला नाही. त्यांना त्यातच उत्तर मिळालं असावं, कारण ते समाधानाने उठले. सुतकाच्या घरातून निघताना ‘येतो’ म्हणायचं नसतं, मुकाट उठून जायचं असतं. ते दारातून “येतो हं,” म्हणून गेले.

फरहीन कप उचलायच्या निमित्ताने मागे राहिली. मी चष्मा साबणाने धूत होते. तिला विचारलं, उणे सहाच का?

ती बेसिनपाशी उभं राहून खालच्या आवाजात बोलली. झाकलेल्या मोजमापांतून उत्तर साठ येत नव्हतं, चोपन्न येत होतं. कसंही करा, चोपन्न. दोन वर्षं सगळे चुका शोधत होते, एकही सापडली नाही. मग कोणीतरी म्हणालं की मॅडमचा आकडा उणे सहा असणार. गमतीत म्हणालं होतं, पण महिन्याभरात ते सगळ्यांनी धरूनच घेतलं. शोधनिबंध लिहून तयार आहे, त्यात साठ छापलेलं आहे. गोठवायचं काही उरलेलंच नाही.

“आम्ही मॅडमना चिडवायचो, ताई,” ती म्हणाली. “मॅडम, सहा मीटर कुठे लपवलेत? तर म्हणायच्या, लग्न लागेपर्यंत विचारायचं नाही.”

मी नळ बंद केला. आईने काहीच लपवलं नव्हतं. अंतरपाट मुळी नव्हताच. ते जे चोपन्न दोन वर्षं मोडायला बघत होते, तेच शुक्राचं खरं उत्तर होतं. कडेने भरलेल्या भोवऱ्यासारखा तो संथ डुलत होता; लोखंड पुरतं तळाशी गेलेलंच नाही. कितीतरी अजून खडकातच अडकून आहे. पृथ्वी जशी घडली तसा शुक्र घडलाच नाही. बहीण वगैरे काही नाही. आणि हे जगात एकट्या आईला कळलेलं होतं. ती बैठकीत बसायची, त्यांच्या चेष्टा ऐकायची, घरी येऊन औषधं घ्यायची, आणि कोणाला एक अक्षर सांगू शकत नव्हती. मलासुद्धा नाही, कारण मला शून्य माहीत होतं पण चोपन्न माहीत नव्हतं.

फरहीनला मी काही सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही. माझ्या चेहऱ्याकडे एकदा पाहून ती निघून गेली.

दादाशी त्याच संध्याकाळी वाजलं. माणगाव्यांनी जाताना त्याला खाली गाडीपाशी थांबवून सांगितलं होतं की शोधनिबंधावर पहिलं नाव आईचं असेल, केंद्राच्या नव्या सभागृहालाही तिचंच नाव द्यायचं घाटतंय. दादा ते सांगताना पुन्हा पुन्हा डोळे पुसत होता. आईने कोपऱ्यात बसून दिवस काढले, निदान आता तरी तिला तिचं मिळू दे, असं त्याचं म्हणणं. त्याचं दुःख खरं होतं, हे मी मानते. पण मला राग आला होता आणि मी बोलून गेले की आकडा सहा नाही.

“मग किती आहे?”

मी सांगितलं नाही.

“असू दे की किती का असेना,” तो म्हणाला. “तू नुसतं हो म्हणायचं. आता आईचं काय बिघडतंय?”

दुसऱ्या दिवशी माणगाव्यांचा फोन आला, म्हणजे दादाने ते त्यांच्या कानावर घातलं होतं. त्यांचा आवाज मऊ होता. शेवटी मॅडमना मॉर्फिन चालू होतं, अशा अवस्थेत माणूस काहीही सांगतं, त्यात तुमचा दोष नाही, असं त्यांनी समजावलं. मग म्हणाले की मी वेगळा आकडा सांगितला तर त्यांना नाइलाजाने मॅडमच्या आजारपणाबद्दल बोलावं लागेल. एकदा ते निघालं की मॅडमनी चार वर्षं हाताळलेल्या सगळ्याच मोजमापांवर शंका येणार. आकडा मिसळण्याआधीच्या मूळ नोंदी उघडून पहिल्यापासून तपासायच्या, त्यात कितीतरी काळ जाणार, आणि तोवर मॅडमचं नाव लोकांच्या तोंडी कसं असेल, याचा मी मुलगी म्हणून विचार करावा. उणे सहा म्हणायला एक क्षण लागतो.

“मी धमकी देत नाहीये, ताई,” ते म्हणाले. “मला मॅडमची काळजी आहे.”

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ हात धूत राहिले. फोनवरून काही लागत नाही, हे माहीत असूनही.

विचार केला नाही असं नाही. मी खोटं बोलले तर आईला सभागृह मिळणार होतं, पहिलं नाव मिळणार होतं, आणि शुक्र तिच्या नावावर चुकीचा नोंदला जाणार होता. खरं बोलले तर ती भ्रमिष्ट ठरणार होती. तिला विचारता आलं असतं तर तिने उत्तर दिलं नसतं, नुसतं माझ्याकडे पाहिलं असतं, हे मला माहीत होतं. आणि तेही मदतीचं नव्हतं. कारण तोंड माझं होतं आणि काळं होणार होतं तिचं.

सभागृह भरलेलं होतं. मंचावर तोच फलक आणून उभा केला होता. केस असलेली आई दोनशे माणसांना हात जोडत होती. समोर शेवंतीच्या हारांचा ढीग पडला होता, खालची फुलं कुजू लागलेली, त्यांचा आंबट वास पहिल्या रांगेपर्यंत येत होता. कोणीतरी सनई लावली. माणगावे बोलले, मंत्रालयातून आलेले गृहस्थ बोलले. आईला ओळखत नसलेला प्रत्येक जण ती किती साधी होती हे सांगत होता. मग सभागृहातले दिवे मंद झाले आणि मागच्या पडद्यावर शुक्राचा गोल फिरू लागला, पिवळसर, उलट्या दिशेने. त्याच्याखाली ठिपक्यांची रिकामी जागा होती. तिथे साठ उमटणार होतं. ते आत तयार होतं हे मला माहीत होतं.

दोघांनी माझ्यापुढे खरोखरचा अंतरपाट धरला. पांढरा, मधोमध कुंकवाचं स्वस्तिक. ही कल्पनाही माणगाव्यांचीच. लोक हसले, टाळ्या झाल्या. आईच्या मरणाला तेव्हा वीस दिवसही झाले नव्हते.

मी माइकपाशी गेले आणि म्हटलं, “आकडा शून्य आहे.”

कापड धरलेल्या दोघांना ते सोडायचं की धरायचं हे कळेना. मी पुढे सांगितलं, आई आजारी पडण्याच्या कितीतरी आधी ती चिठ्ठी मी स्वतः काढली होती आणि त्यावरचं शून्य माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मोजमापांत काहीही मिसळलेलं नाही. जे उत्तर तुमच्याजवळ आहे, तेच उत्तर आहे.

माणगावे उठले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला; साडीच्या पदरातून तो दमट हात मला जाणवला. सभेला उद्देशून ते म्हणाले, “केतकीताई भावनेच्या भरात आहेत. एक कटू गोष्ट मला आज सांगावी लागतेय. मॅडमची बुद्धी शेवटी शेवटी साथ देत नव्हती. त्यांनी घरी काय सांगितलं, यावर विज्ञान उभं राहू शकत नाही.” मग पहिल्या रांगेकडे वळून त्यांनी विचारलं, “निषादराव, तुम्ही जवळून पाहिलंय.”

दादा अर्धवट उठला. माझ्याकडे न बघता म्हणाला की हो, आईला शेवटी नावं आठवत नव्हती. एकदा तिने त्यालाही ओळखलं नव्हतं.

ते खरं होतं. शेवटच्या आठवड्यात एकदा असं झालं होतं. खरी गोष्ट इतक्या घाणेरड्या कामाला येऊ शकते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

मागच्या रांगेतून फरहीन उठली. आकड्यावर वाद झाला तर मूळ नोंदी उघडायच्या असा नियम आहे, असं तिने सांगितलं, आणि ती बसली नाही. तशीच उभी राहिली. पत्रकारांनी लिहून घेतलं. आता साठ उमटवता येणार नव्हतं. शुक्र मात्र मागे फिरतच राहिला, कारण तो बंद करायचं कोणाला सुचलं नाही.

त्यानंतरचं सगळं माणगाव्यांनी फोनवर सांगितलं होतं तसंच झालं. आजारी शास्त्रज्ञेमुळे शुक्रमोहिमेचा घोळ, अशा बातम्या आल्या. आईच्या जुन्या सहकाऱ्यांनी मुलाखतींतून सांगितलं की अलीकडे त्या जरा विसरायच्याच. ज्यांना आठवत नव्हतं त्यांनाही आठवू लागलं. मूळ नोंदी तपासायला एक समिती नेमली. ती एकदा बसली आणि मग बसलीच नाही. फरहीन बंगळुरूला निघून गेली. दादाचा आणि माझा बोलण्याचा संबंध उरला नाही. आईच्या वर्षश्राद्धाला तो आला, घाटावरचं आटपून परस्पर पुण्याला गेला. मंडईत एकदा आईच्या ओळखीच्या बाईंनी मला थांबवून विचारलं, त्यांना वेड लागलं होतं म्हणे? मी मेथीची जुडी निवडत होते. नाही म्हटलं आणि जुडी घेतली. घरी आल्यावर ती भाजी माझ्याने खाववली नाही.

पुढच्या हिवाळ्यात परदेशी यानाचं उत्तर जाहीर झालं. ध्रुव वर्षाला चोपन्न मीटर सरकतो.

माणगाव्यांचा फोन दुसऱ्याच दिवशी आला. आवाज तसाच मऊ. म्हणाले की केंद्राला पहिल्यापासून खात्री होती, प्रश्न फक्त प्रसिद्धीच्या वेळेचा होता. आता हा शोध आधी आपण लावला हे जगापुढे मांडायला हवं आणि त्याला पुरावा एकच आहे: त्या दिवशी सभेत मी शून्य म्हटलं, ते चित्रण. हल्लीच्या कायद्याने जिवंत माणसाचा चेहरा आणि आवाज वापरायला त्याची संमती लागते. तेवढी माझी हवी होती. त्यांनी तयार केलेला तुकडा पाठवून दिला.

मी तो पाहिला. मी माइकपाशी जाते, शून्य म्हणते, आणि सभागृह उठून टाळ्या वाजवतं. टाळ्या थांबतच नाहीत. माझ्या डोळ्यांत त्यांनी पाणीही घातलं होतं, अगदी बेतशीर. मी त्या दिवशी रडले नव्हते.

मी त्यांना कळवलं की संमती आहे, पण पूर्ण चित्रणाला. मी उठले तिथपासून फरहीन उभी राहिली तिथपर्यंत, मधलं काही न कापता, काही न घालता.

त्यांनी लगेच फोन केला. “त्यात मॅडमच्या आजाराबद्दल आहे, ताई. ते लोकांपुढे यावं असं तुम्हाला वाटतं?”

“ते तुम्ही म्हणाला होता,” मी म्हटलं. “तुमच्याच तोंडून येऊ दे.”

मला वाटलं, आता हे नाद सोडतील, आणि आईचं चोपन्न परदेशी लोकांच्या नावावर जाईल. तीही शक्यता मी धरली होती. पण पहिलेपणाचा मोह मोठा असतो. थोड्या दिवसांनी पूर्ण चित्रण प्रसिद्ध झालं. दमट हातासह, आईच्या बुद्धीसह, दादासह. सोबत केंद्राचा शोधनिबंधही आला, साठच्या जागी चोपन्न घालून, पहिलं नाव आईचं.

लोक माणगाव्यांवर थुंकतील असं मला वाटलं होतं. त्यांनी एक मुलाखत दिली. त्यात म्हणाले की त्या दिवशी त्यांनी मुद्दाम शंका घेतली, कारण विज्ञानात आपल्या माणसावरही शंका घ्यावी लागते, आणि ते सांगताना त्यांचा कंठ दाटून आला. मुलाखत घेणाऱ्या मुलीने त्यांना रुमाल दिला. खाली शेकडो लोकांनी त्यांना नमस्कार लिहिले. मी फोन उपडा करून ठेवला आणि खिडकी उघडली.

थोड्या वेळाने फोन वाजला, तेव्हा दादा होता. दीड वर्षाने त्याचा आवाज ऐकत होते. त्याने चित्रण पाहिलं होतं. स्वतःला अर्धवट उठताना पाहिलं होतं. मग तो म्हणाला, “मी असा का बोललो गं, केतू?”

माझ्याजवळ क्षमा नव्हती. फोन मात्र मी ठेवला नाही. मला आई दिसत होती, बैठकीहून आलेली, टोपी काढून खुर्चीवर टेकलेली, जगातली सगळ्यात नवी गोष्ट पोटात घेऊन पुण्याहून आलेल्या दादाला आणि मला जेवायला वाढणारी.

“दादा,” तिला घरी कधी म्हणता आलं नव्हतं ते मी म्हटलं, “चोपन्न आलं.”